शोकेसमधली आठ वर्षं

"काका, बारा वर्षांची व्हिस्की घरच्या शोकेसमध्ये आठ वर्षं ठेवली, तर ती वीस वर्षांची होते का?"

हा प्रश्न मी कसबा पेठेतल्या एका वाइन शॉपच्या पायरीखाली उभं राहून विचारला. दिवसाढवळ्या, शनिवारी, शाळा सुटल्यावर. दोन वेण्या, पाठीवर दप्तर आणि युनिफॉर्मवर पूर्णिमाच्या ताईचं डेनिमचं जॅकेट, म्हणजे खाली फक्त निळा स्कर्ट दिसत होता, आणि निळा स्कर्ट काय, कुणाचाही असू शकतो. पूर्णिमा आणि वर्गातल्या आणखी दोघी समोरच्या तांबटाच्या दुकानात कळशीचा भाव विचारत असल्याचं नाटक करत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. विचारलं तर एसपीडीपीची, म्हणजे शेव-बटाटा-दहीपुरीची, प्लेट माझी. नाही विचारलं तर मी स्वतःला सिंहीण म्हणवून घ्यायचं बंद.

हे सिंहीण प्रकरण ऑगस्टमधलं. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. त्याआधी वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की माझे पाय माझ्या आधीच खाली बसायचे. ढाल मिळाली आणि मला कुणाची भीतीच वाटेनाशी झाली. आई म्हणते, ढालीबरोबर जीभ फुकट मिळाली. कसबा पेठ एवढ्यासाठीच निवडली, की आमच्या बिबवेवाडीत वाइन शॉपसमोर नुसती चप्पल तुटली तरी आपण घरी पोचायच्या आत बातमी पोचते.

काउंटरमागे एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. पांढरा सदरा, नाकावर घसरलेला चष्मा. मागे भिंतीवर लायसन्स टांगलेलं, त्यावरचं 'गोपाळकृष्ण' एवढंच मला लांबून वाचता आलं. त्यांनी पेपर खाली न करताच विचारलं, "वय?"

"पंधरा."

"मग दहा वर्षांनी या. कायदा पंचविसाचा आहे."

"मला प्यायची नाहीये. समजून घ्यायचीय."

आता पेपर खाली आला. "समजून घेणारं गिऱ्हाईक तीस वर्षांत पहिलं आलं," ते म्हणाले. "पायरी चढू नका. आहात तिथूनच ऐका. आणि समोरच्या त्या तिघींना सांगा, कळशी घ्यायची नसेल तर त्या माणसाला काम करू द्या."

ते पुढे काय म्हणाले ते सांगतेच, पण आधी हा प्रश्न आला कुठून ते सांगायला हवं. कारण प्रश्न पैजेचा असला तरी त्यात माझ्या बाबांची नोकरी अडकलेली होती.

माझे बाबा, बद्रीनाथ, मूळचे वाशीमकडचे. मी तीन वर्षांची असताना आम्ही पुण्यात आलो आणि बाबा मार्केट यार्डात तोलणार म्हणून लागले. गुळाच्या गाळ्यावर काट्यापाशी उभं राहायचं आणि दिवसभर ढेपा तोलायच्या. शिक्षण सातवीपर्यंत, गावच्या मराठी शाळेत. बारा वर्षं त्यांच्या शर्टाला गुळाचा वास होता. मग एप्रिलमध्ये पूर्णिमाच्या वडिलांनी, म्हणजे संभाजीकाकांनी, त्यांना एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटवून दिलं. कंपनी काकांच्याच इमारतीत भाड्यानं आहे, त्यामुळे काकांचा शब्द चालतो. बाबांकडे स्टोअर आलं. प्रिंटरची शाई, कागदाचे गठ्ठे, केबल, चहापावडर, सगळं त्यांच्या ताब्यात. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. फक्त एक अट होती. सहा महिने काम बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू. ते सहा महिने या ऑक्टोबरअखेर संपत होते. कायम झालं नाही तर परत काट्यापाशी. बाबा याबद्दल घरात एक शब्द बोलत नव्हते, पण रोज सकाळी शर्टाला स्वतः इस्त्री करत होते, आणि आमच्या घरात तेवढ्यावरून सगळं कळतं.

अशात एक इंग्लंडचा पाहुणा येणार असं ठरलं. कंपनीचं मोठं काम त्याच्याकडून यायचं. मोठे सर म्हणाले, सोमवारी संध्याकाळी त्यांना जुनी स्कॉच भेट द्यायची, अठरा वर्षांची तरी हवी, कोण बघेल? हे नेहमी बघणारे साहेब रजेवर. आणि ज्यांनी आयुष्यात बाटलीचं झाकण हुंगलेलं नाही, ज्यांच्या घरात गजानन महाराजांच्या फोटोसमोर रोज पोथी वाचली जाते, ते माझे बाबा म्हणाले, "सर, वीस वर्षांची आहे माझ्या पाहण्यात."

ती बाटली म्हणजे संभाजीकाकांची. आत्ता आमच्या शाळेमागे ज्या सोसायट्या आहेत ते पूर्वी काकांचं शेत होतं. सत्त्याण्णव साली ते त्यांनी बिल्डरला दिलं, तेव्हा बिल्डरनं पेढ्यांच्या खोक्याबरोबर ही बाटली दिली. काकांनी ती कधी उघडली नाही. हॉलमधल्या शोकेसमध्ये, पूर्णिमाच्या खो-खोच्या कपांच्या बरोबर मधोमध ती बसवली. बाटलीवर बाराचा आकडा होता, आणि दर दिवाळीला शोकेस पुसून झाली की काका ती हातात घेऊन घरच्या सगळ्यांसमोर तिचं वय जाहीर करायचे. औंदा पंधराची झाली. औंदा सतराची. मी स्वतः दोन दिवाळ्या तिथे फराळ करताना हे ऐकलंय आणि टाळ्या वाजवल्यात.

बाबांना तर त्यात शंका घेण्यासारखं काहीच दिसलं नाही. गूळ जुना झाला की औषधाला मागणी, तांदूळ जुना झाला की बिर्याणीला मागणी. मार्केट यार्डात बारा वर्षं काढलेला माणूस दुसरा काय विचार करणार? बारात आठ मिळवले, वीस. त्यांनी काकांकडे शब्द टाकला, विकत देता का म्हणून. काका म्हणाले, विकायची कसली, घिऊन जा, वीस वर्सांची झाली, आता तिला सासरी धाडायलाच पायजे.

शुक्रवारी बाटली आमच्या घरी आली, टर्किश टॉवेलात गुंडाळून. आईनं ती हॉलमध्ये ठेवू दिली नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. देवापासून जास्तीत जास्त लांब म्हणून शेवटी बाल्कनीत, तुळशीच्या विरुद्ध कोपऱ्यात, पालथ्या बादलीखाली तिची सोय झाली.

आणि मी शहाणी, शनिवारी मधल्या सुट्टीत वर्गात सांगून बसले की माझे बाबा इंग्लंडच्या माणसाला वीस वर्षांची स्कॉच देणार आहेत. वर्गातल्या एकीचे वडील बोटीवर असतात. तिनं नाक उडवून सांगितलं की बाटलीत व्हिस्कीचं वय वाढत नाही, हे तिच्या बाबांचं ज्ञान आहे. पूर्णिमाचे कान लाल झाले. आठ दिवाळ्यांचा प्रश्न होता. ती म्हणाली वाढतं. मी म्हणाले वाढतं. ती बोटवाली म्हणाली, एवढी सिंहीण आहेस तर जाऊन विचार दुकानात. अशी ती पैज.

तर गोपाळकृष्णकाका. त्यांनी काउंटरवर एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका उभा केला, लेबल माझ्याकडे करून, आणि एका पेन्सिलीनं मास्तरांसारखं दाखवायला सुरुवात केली. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. पिंपात किती वर्षं होती तेवढंच लेबलवर लिहितात. दोन-चार पिंपांतली एकत्र केली तर सगळ्यात लहान जी असेल तिचं वय लिहायचं, मोठीचं नाही. एकदा बाटलीत भरली की घड्याळ बंद.

मी हार मानायला तयार नव्हते. आईचं लोणचं काचेच्याच बरणीत मुरतं की, मी म्हणाले, मग व्हिस्की का नाही?

"लोणच्यात फोडी असतात," ते म्हणाले. "मुरायला कुणीतरी सोबत लागतं. पिंपात लाकूड असतं. बाटलीत ती एकटीच असते. एकट्यानं बसून कुणी मुरत नाही."

मग पुढचा धडा. 'स्कॉच' लिहिलं असेल तर ती स्कॉटलंडमध्येच मुरलेली असली पाहिजे, निदान तीन वर्षं. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच कारखान्यातली, मोड आणलेल्या बार्लीची. 'ब्लेंडेड' म्हणजे मिसळलेली, त्यात वाईट काही नाही, मिसळही मिसळलेलीच असते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत बाटली कुठे भरली ते असतं, ते वाचायला चष्मा लावावा लागला तरी वाचायचं. आणि 'रॉयल', 'स्पेशल', 'गोल्ड' हे शब्द सोनेरी आणि मोठे असतात, कारण त्यांना अर्थ नसतो. एका खोक्यावर अठराशे ऐंशी लिहिलं होतं. मी म्हणाले, अरे बापरे, म्हणजे ही सव्वाशे वर्षांची? ते कारखान्याच्या पणजोबांचं साल आहे, ते म्हणाले, तुमच्या शाळेच्या पाटीवरही साल असेल, म्हणून तुम्ही तेवढ्या वर्षांच्या होत नाही.

खालच्या फळीवरच्या बाटल्यांवर भारतात बनवलेलं विदेशी मद्य अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी विचारलं, हे म्हणजे हडपसरमध्ये बनलेलं स्वित्झर्लंड का? त्यांच्या मिशीचं एक टोक किंचित हललं. बहुतेक हसले असावेत. त्यातल्या बऱ्याचशा साखर कारखान्याच्या मळीपासून होतात, ते म्हणाले, पण हे पिणाऱ्याला सांगितलं तर त्याला वाईट वाटतं.

पैज मी जिंकले. एसपीडीपी खाल्ली, पण अर्धीच. कारण तिसरी पुरी तोंडात असताना माझ्या डोक्यात चित्र उभं राहिलं. सोमवार संध्याकाळ, सगळं ऑफिस जमलेलं, पाहुणा बाटलीवरचा बाराचा आकडा वाचतोय आणि माझे बाबा इस्त्रीच्या शर्टात पुढे होऊन सगळ्यांना बारा अधिक आठ समजावून सांगतायत. पूर्णिमाला मी एवढंच म्हणाले, तुझ्या बाबांना आत्ता काही सांगू नकोस. तीही तिची प्लेट संपवत नव्हती.

घरी आले तर बाबा जेवून पेपर वाचत होते. मी दप्तरही न काढता सगळं सांगितलं. पायरी, पिंप, लोणचं, सगळं. आईला पहिला धक्का वाइन शॉपचा बसला. तू गेलीच काहून तिथं, यावर पाच मिनिटं गेली. बाबा मात्र ऐकत होते. शेवटी म्हणाले, दुकानदार आपला माल खपवायले असंच सांगणार. त्याले दुसरी बाटली विकायची असन.

मी म्हणाले, त्यांनी मला पायरी चढू दिली नाही, विकतात काय?

बाबांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी सांगितलं की सरांनी पाहुण्याला ईमेलमध्ये लिहूनसुद्धा टाकलंय, वीस वर्षांची खास बाटली तुमची वाट बघतेय म्हणून. सर स्वतः स्टोअरमध्ये येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"मंग सांगून द्या ना वीस," आई म्हणाली. "कोणाले काय समजते?"

"आई, बाटलीवर बारा छापलंय. त्या माणसाला इंग्रजी येतं. तो इंग्लंडचा आहे."

मी बादलीखालून बाटली आणली. लेबल खरं तर स्पष्ट होतं. बारा वर्षं, आणि त्याच्याच खाली, अगदी डोळ्यात भरेल अशा अक्षरांत, ओकच्या पिंपांत मुरवलेली, असं लिहिलं होतं. मी वैतागून विचारलं, "बाबा, तुम्ही हे वाचलंच नाही का?"

"आकडा वाचला," बाबा म्हणाले.

"आणि बाकीचं?"

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, टॉवेलात गुंडाळली, नीट, कोपरे आत दुमडून. "बाकीचं मले कुठं वाचता येते, बाई."

मला खरंच माहीत नव्हतं. शप्पथ. सहा महिने बाबा कंपनीत जातात, येतात, सगळ्या खोक्यांवर इंग्रजीच असतं, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी विचारलं, मग स्टोअर कसं चालवता? त्यांनी सांगितलं. मार्केट यार्डात पोत्यांवर मार्का असतो. त्रिशूळ, दोन मासे, उलटा चंद्र. कुठल्या गावचा, कुठल्या शेतकऱ्याचा माल, ते मार्का बघून कळतं. तसंच कंपनीच्या खोक्यांचं. काळ्या शाईच्या खोक्यावर एक अक्षर शिडीसारखं आहे. लांब केबलच्या खोक्यावर दोन उभ्या काठ्या, आखूड केबलवर एक. शंभरएक मार्के त्यांनी पाठ केले होते. आजवर एक खोका चुकला नव्हता. आईला हे माहीत होतं. तिनं खाली बघून ओट्यावरचं फडकं पिळलं, ते आधीच कोरडं होतं.

रविवारी सकाळी बाबा आणि मी बाटली परत करायला गेलो. बाबा म्हणाले, ज्याची वस्तू त्याले खरं सांगितलं पाहिजे, मग पुढचं. संभाजीकाका अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पूर्णिमा दाराआड. सांगायचं काम माझं होतं. स्पर्धेत मला सात मिनिटं दिली होती, इथे दीड मिनिटातच भाषण संपलं. मी पिंपाचं सांगितलं, घड्याळ बंद होतं ते सांगितलं. काकांनी टॉवेल सोडून बाटली उन्हात धरली आणि बराच वेळ तिच्यातून रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यापलीकडे सोसायटीची भिंत होती.

"म्हंजी आठ वर्सं ही नुसतीच बसून हाय," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"माज्यावानीच," काका म्हणाले, आणि मग ते इतके हसले की सोजरआजी, म्हणजे त्यांच्या आई, आतून काय झालं म्हणून बघायला आल्या. बाबांना मात्र हसू येत नव्हतं. काकांनी ते पाहिलं. खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, बद्रीनाथ, मंग उद्याचं काय? मी बोलू का सायबाशी? घरमालक हाय मी.

बाबा म्हणाले, नको. मी शब्द दिला, मीच निस्तरतो. अठराची आणून देतो आणि वीस म्हटलं ते चुकलं म्हणून सांगतो. काका म्हणाले, चुकलं म्हनून कोन सांगतं का आजकाल? बाबा म्हणाले, काट्यावर माप चुकलं तर तिथंच सांगा लागते, गाडी गेल्यावर सांगून काय फायदा.

पण अठराची आणायची म्हणजे बाबांनीच जायचं. मला पायरी चढता येत नाही, आणि सोमवारी माझी शाळा. मग रविवारी दुपारभर बसून मी एका वहीच्या पानावर त्यांना मार्के काढून दिले. अठरा. 'स्कॉच', मोठ्या अक्षरांत आणि छोट्या अक्षरांत, दोन्ही. 'सिंगल माल्ट'. 'स्कॉटलंड' हा शब्द बारीक, कारण तो बारीकच असतो. खाली एक रेघ मारून तीन शब्द फुलीचे: हे दिसले तर भुलायचं नाही. बाबांनी ते पान तासभर बघितलं. 'स्कॉच' मधलं पहिलं अक्षर नागासारखं, म्हणाले, आणि शेवटचं खुर्चीसारखं. मी बघितलं तर खरंच होतं. इतकी वर्षं इंग्रजी माध्यमात आहे, मला छोटा एच कधी खुर्चीसारखा दिसला नव्हता.

सोमवारचं जे घडलं ते मला बाबांनी रात्री घरी आल्यावर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांत, मोजे काढता काढता. कंपनीचे पैसे घेऊन ते सकाळी कसबा पेठेत गेले. गोपाळकृष्णकाकांनी वहीचं पान बघितलं, मग बाबांकडे बघितलं आणि विचारलं, आपण पायरीखालच्या बाईंचे वडील का? मग त्यांनी मुद्दाम तीन बाटल्या पुढे मांडल्या आणि पेपर वाचायला घेतला. एकीवर सोनेरी अक्षरांत भलंमोठं काहीतरी आणि अठराशेचं साल. बाबांनी फुलीच्या रेघेखाली बोट ठेवून बघितलं आणि ती बाजूला सारली. दुसरीवर अठरा होतं, स्कॉच होतं. तिसरीवरही होतं, पण 'स्कॉटलंड' चा मार्का खालच्या कोपऱ्यात फक्त दुसरीवर सापडला. बाबांनी ती उचलली. पेपरच्या मागून आवाज आला, "इंग्रजी कुठल्या शाळेत?" बाबा म्हणाले, "गुळाच्या गाळ्यावर."

तिथे एक गंमत झाली ती मला आईकडून कळली, कारण बाबांनी शर्ट धुवायला टाकला आणि आईनं खिसे तपासले. बाटली घ्यायची तर परवाना लागतो, तो दुकानातच एका दिवसाचा मिळतो. गुलाबी चिठोरं. त्यावर बाबांचं पूर्ण नाव आणि प्रकृती राखण्यासाठी मद्य बाळगण्याची परवानगी. आई ते घेऊन दारात उभी राहिली. "काहो, काय झालं तुमच्या प्रकृतीले?" तिनं विचारलं. त्या चिठोऱ्यावर आठवडाभर बोलणी खावी लागणार हे बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ऑफिसात बाबांनी संध्याकाळची वाट बघितली नाही. दुपारीच सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. सर, मी वीस म्हणालो ते चुकलं. घरमालकांच्या शोकेसमधली ती बाराचीच होती, बाटलीत वय वाढत नाही. ही अठराची आहे, पाहून घ्या. सर लेबल वाचत राहिले. मग म्हणाले, तुम्ही हे कसं तपासलंत? बाबांनी वहीचं पान टेबलावर ठेवलं आणि तेही सांगितलं, की मला इंग्रजी वाचता येत नाही, माझ्या मुलीनं मार्के काढून दिले. म्हणजे एका दमात दोन चुका कबूल. मला विचाराल तर स्पर्धेत बोलणं सोपं आहे.

सरांनी ते पान उचलून दोन्ही बाजूंनी बघितलं. बाबा म्हणाले, तेवढ्यात मी गाळ्यावर परत जाऊन काट्यापाशी उभासुद्धा राहिलो होतो. मग सरांनी विचारलं, सहा महिन्यांत स्टोअरमध्ये एकही वस्तू चुकलेली नाही, ती अशीच? बाबा म्हणाले, अशीच. सर म्हणाले, पाहुण्याला काय सांगायचं ते मी बघतो. संध्याकाळी त्यांनी त्या पाहुण्याला शोकेसची गोष्टच सांगितली, आणि तो इतका खूश झाला की त्यानं संभाजीकाकांची बाटली बघायला मागितली. काकांनी ती ऑफिसात आणून दाखवली, हातात मात्र दिली नाही.

आणि बाबा कायम झाले. नुसते कायम नाही, पुढच्या महिन्यापासून स्टोअरची खरेदीही त्यांच्याकडे. तसा दोन पानी कागद सरांनी दिला होता. वाचून, सही करून शुक्रवारी परत द्यायचा.

आईनं देवासमोर साखर ठेवली. सगळ्यांना वाटली, मला दोनदा. मग बाबांनी तो कागद गुंडाळीतून काढून माझ्यापुढे धरला. "तू वाचून दे," म्हणाले, "मी सही करून टाकतो."

मी वाचायला लागले. पहिली ओळ वाचून मराठीत सांगितली, दुसरी वाचली. खरं सांगते, मला भारी वाटत होतं. ढाल मिळाली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला सहज वर बघितलं. बाबा माझ्याकडे किंवा कागदाकडे बघत नव्हते. न्हाव्यापुढे मान दिलेला माणूस बसतो तसे बसले होते, हात मांडीवर, नजर पंख्यावर. कायम झालेला माणूस आणि चेहरा असा. आई त्यांच्या शेजारी, तशीच. पुढच्या सोमवारी दुसरा कागद येणार, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा. स्टोअरमध्ये शंभरांच्या जागी हजार खोके येणार, आणि मी तर शाळेत असणार.

मी वाचणं थांबवलं. कागद सतरंजीवर ठेवला, बाबांच्या बाजूला तोंड करून, आणि आतून माझी वही आणि दोन पेन्सिली आणल्या. एक बाबांपुढे ठेवली, एक आईपुढे. आई म्हणाली, मले काहून, मी का हापिसात जाते? मी म्हणाले, तुझ्या गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते तुला माहीत आहे का? तिनं पेन्सिल जवळ ओढली.

"मी ठरवलंय," मी उभी राहून म्हणाले. "हा कागद मी वाचून दाखवणार नाही. आजपासून रोज जेवणाआधी एक तास तुम्ही दोघांनी माझ्यासमोर बसायचं. शुक्रवारपर्यंत जेवढं जमेल तेवढं बाबा वाचतील, उरेल तेवढंच मी. रडायचं नाही, उद्या करू म्हणायचं नाही. पहिल्या ओळीत तुमचं नाव आहे, बाबा. तिथून सुरू करा."